आक्काच्या छातीतली भट्टी

दाजींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. "सुमन, आक्का गेली गं," एवढंच ते बोलले. न्यूमोनिया झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरंच असणार. पण त्याआधी वर्षभर ती चिमणीएवढं खात होती, हे कुणाला सांगायचं?

लग्नानंतर माझी थोरली बहीण दाजींबरोबर तमिळनाडूत गेली. विट्याकडची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी जातात, तशीच. खाली भट्टीचं दुकान, वर दोन खोल्या. तिथंच तिचं बाळ चार महिन्यांचं असताना गेलं. तिच्याजवळ बसून तिच्या भाषेत रडणारं एकही माणूस त्या गल्लीत नव्हतं. पुढं ती म्हणायला लागली, "छातीत भट्टी पेटल्यागत हुतंय." दाजींनी आपल्या मोडक्या हिंदीत डॉक्टरांना सांगितलं, छातीत जळजळ होते. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या तिनं कित्येक वर्षं खाल्ल्या.

शेवटी दोघं गावी, विट्याला परतली. सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. माणूस चांगला होता, पण बाहेर ही रांग. गोळ्यांनी झोप आली, बोलणं काही आलं नाही. मग विट्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाई भेटल्या. कडेगावकडच्या, वयानं माझ्याहून लहान. आक्कानं भट्टीचं सांगताच त्यांनी विचारलं, "आवं आक्का, ही भट्टी कवा पेटती?"

आक्का पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "दुसऱ्याचं पोर रडाय लागलं की."

बाळाबद्दल ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली. तिकडंच ठेवलेलं त्याचं नावही सांगितलं. ते मलासुद्धा ठाऊक नव्हतं. त्या वर्षी ती जेवायला लागली, शेजारच्या बारशाला गेली, तिथं पाळण्याची दोरीही तिनं ओढली.

मग बाईंचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. त्या पुण्याला गेल्या. तिथून त्यांनी दोन-तीनदा फोन केला, पण माणूस समोर नसलं की आक्का "बरं हाय" म्हणून फोन ठेवायची. त्यांच्या जागी दवाखान्यातून फोनवरच्या समुपदेशनाचा एक नंबर मिळाला. मी शेजारी बसून तो लावून दिला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "अलीकडे आपल्याला निराश वाटतं का?"

"न्हाई बा," आक्का म्हणाली, "निराश कशापायी? घरात समदं हाय."

मी फोन घेतला आणि भट्टीचं सांगितलं. ती मुलगी अगदी मायेनं म्हणाली, "पोटाच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

मी आभार मानून फोन ठेवला. त्यानंतर आक्काच्या ताटातली भाकरी चतकोरावर आली, मग तीही उरायला लागली. मी रजा काढून जायची, भरवायची, परत यायची... थंडीत ताप आला आणि अंगात तो सोसायला काही उरलंच नव्हतं.

परवा विट्याला गेले होते. मागच्या दारी, न्हाणीजवळ एक पसरट दगड आहे. दुपारी आक्का तिथं भिंतीला पाठ लावून उन्हात बसायची. दगड तिच्या बसण्यानं गुळगुळीत झालाय. आता तिथं दाजी बसतात. डोळे खोल गेलेत, दाढी वाढलीय.

"दाजी, सांगलीला आक्काच्या त्या डॉक्टरांकडं जाऊया का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग उन्हाकडं.

"जाऊ की," ते म्हणाले. "पर काय हुतंय म्हणून सांगू त्यास्नी?"