सरांची मदतपानं

बारामतीच्या आमच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर निरवांगीचे एक सर बसतात. संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरसाठी ते स्वतःच्या कमांडी लिहितात. कुणी काही विचारलं, की मान वर न करता म्हणतात, "हेल्प वाचा. सगळं हाय तितं."

ती हेल्प, म्हणजे कमांड कशी वापरायची ते सांगणारं पान, तीसुद्धा ते लिहीत नाहीत. त्यांनी त्यासाठी एक प्रोग्रॅम करून ठेवलाय. तो कमांडीतले शब्द उचलतो आणि पान भरून देतो. गायींच्या दुधाचा हिशोब करणाऱ्या कमांडीत 'भाकड' या पर्यायापुढं छापून येतं, 'भाकड हा पर्याय दिल्यास भाकड हा पर्याय लागू होतो.' सगळ्यात खाली एक ओळ आणि तारीख असते, 'लेखकाने स्वतः तपासून पाहिले.' तीही प्रोग्रॅमच टाकतो.

पणदऱ्याच्या एका गोठ्यातल्या दर गायीमागं सरासरी किती दूध निघतं, ते मी त्यांच्या त्याच कमांडीनं काढलं. अहवाल छापायला जाणार, तेवढ्यात गोठ्याच्या मालकांना, आबांना, आकडा दाखवला. आबा म्हणाले, "मॅडम, एवढं दूध आमच्या गाया कधी द्यायला लागल्या?" मग मी कमांड उघडून बघितली. सरासरी काढताना ती भाकड गायी न सांगता गाळून टाकत होती, आणि हेल्पमध्ये त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

मी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एक बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं दुरुस्त. आता वाचा."

मी वाचलं. भाकडचं वाक्य जसंच्या तसं होतं, कमांडीला तर त्यांनी हातही लावला नव्हता. 'लेखकाने स्वतः तपासून पाहिले' या ओळीपुढं तेवढी आजची तारीख आली होती.