गेजचा काटा

बाईंची गाडी त्या दुपारी कळंबला माझ्या गॅरेजात टोचन करून आली. बाई शाळेत शिकवतात. डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी. तेरखेड्याच्या अलीकडं हायवेवर गाडीनं एकाएकी ओढ सोडली होती. इंजिन ओरडत होतं, गाडी पुढं सरकेना. मागचा ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला.

"गिअरबॉक्स गेला का?" बाईंनी विचारलं.

"तेलाचं प्रेशर बघितल्याबिगर सांगता येत न्हाय."

या गाड्यांचा गिअर तेलाच्या दाबावर धरतो. दाब पडला की ओढ गेली. तेल तापू दिलं, गिअरबॉक्सला दाब मोजायचा गेज जोडला आणि लांब नळीनं बाजूला काढून बाईंच्या हातात दिला. चाकांना दगड लावले. एक पाय ब्रेकवर, दुसरा रेसवर ठेवायचा, म्हणून आत मी बसलो.

"म्होरं येऊ नका, बाई. काटा काय करतो ते मोठ्यानं सांगा."

पाच सेकंदांच्या वर रेस धरली तर आतलं जळतं. गिअर टाकला, ब्रेकवर सगळा भार टाकून मी रेस दिली. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली.

"चढतोय," बाई ओरडल्या. "चढतोय... हलतोय... उतरला! एकदम उतरला!"

पाय काढला. खालून पंप कण्हल्यासारखा वाजत होता. त्याला तेल ओढता येत नव्हतं.

गाडी निवल्यावर खालचं पॅन उतरवलं. तेल गाळायच्या जाळीवर काळपट, रबरासारखे तुकडे बसले होते. एक बोटांत चुरगाळला. ते पॅनच्या सांध्याला लावायचं सिलिकॉन होतं. मागच्या वर्षी तेल बदलताना हे पॅन मीच बसवलं होतं. गळू नये म्हणून भरपूर फासलं होतं, त्यातलंच जास्तीचं सुटून आत गेलं होतं.

जाळी जुनी झाली म्हणालो असतो, तर कुणाला कळलं नसतं. बाई पाठीमागंच उभ्या होत्या.

"बाई, ही माझी चूक हाय. हे म्याच लावलेलं."

त्या तुकड्यांकडं बघत राहिल्या. "त्या ट्रकवाल्याचा ब्रेक लागला नसता तर?"

मी जाळीवरचे तुकडे एकेक करून फडक्यात काढले.

"आता नीट बसवा," त्या म्हणाल्या. "मी समोर बसणार."

नवी जाळी दोन दिवसांनी आली. बाई स्टुलावर बसून प्रत्येक बोल्ट बघत होत्या. पुन्हा गेज त्यांच्या हातात, पुन्हा मी आत. ब्रेक दाबून रेस दिली.

"चढला," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "टिकलाय."

किल्ली घेऊन त्या गेल्या. आभार मानले नाहीत, ते बरंच केलं.