समोरच्यांना दिलेलं विरजण

अक्का कामावर आल्या आहेत की नाही, हे आम्हाला टाक्यांच्या खोलीच्या दारावरून कळायचं. कडीला मोगऱ्याचा गजरा लटकलेला असला की अक्का आत. मल्लेश्वरमहून सकाळच्या मेट्रोने येताना त्या गजरा माळून यायच्या आणि आत शिरण्याआधी काढून कडीला अडकवायच्या. फुलांच्या घमघमाटात बिअरचा वास कळत नाही, म्हणून. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, आत देवघर आहे. एकदोघांनी तर बाहेरून हात जोडलेलेही मी पाहिले आहेत. आम्ही कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

बेंगळुरूच्या बनशंकरीत तिसऱ्या मजल्यावर माझा आणि माझ्या दादाचा छोटासा पब होता. बिअर तिथेच करायची आणि तिथेच विकायची. आम्ही दोघं नागपूरचे, आयटीतल्या चांगल्या नोकऱ्या सोडून या फंदात पडलेलो. अक्का आमच्या ब्रूअर, म्हणजे बिअर करणाऱ्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पायांत रबरी बूट आणि साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, त्यामुळे मराठीत जागोजागी कन्नड, ‘सरी’ म्हणजे बरं, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं. आधी त्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होत्या. मला त्या ‘नागपूरबाई’ म्हणायच्या. “काय नागपूरबाई, आज कोणावर ओरडायचं आहे?” हे त्यांचं रोजचं सुप्रभात. माझा आवाज जरा वरच्या पट्टीतला आहे, मान्य. पण पब चालवणाऱ्या बाईने कुजबुजून कसं चालेल?

आपण काय करतो, हे अक्कांनी कधी कोणापासून लपवलं नाही. एकदा त्यांच्या गल्लीत हळदीकुंकवाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. एका बाईंनी विचारलं, “हल्ली कुठे नोकरी?” अक्का वाण हातात घेत म्हणाल्या, “मी बिअर करते.” कोणी लोणची घालते असं सांगावं, त्या सुरात. त्या बाईंचा हात हळदीच्या करंड्यातच थांबला. अक्कांनी शांतपणे कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, “अय्यो, लावा की हो, मला मेट्रो गाठायची आहे.” बाईंनी निमूट लावलं. मला तेव्हा असं वाटलं की अक्कांना उचलून त्या गल्लीतून मिरवावं.

अत्तराशी मात्र त्यांचं हाडवैर. खाण्यापिण्यावर लिहिणारे एक बडे गृहस्थ आमचा पब पाहायला आले. आम्ही आठवडाभर झाडलोट करून ठेवलेली. ते टाक्यांच्या खोलीशी पोचले आणि अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. “तुमचा वास फार येतो आहे. आंघोळ करून या, सरी? मग सगळं दाखवते.” दादाने डोक्याला हात लावला. त्या गृहस्थांनी आमच्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. मी अक्कांना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, “लिहिलं असतं ते वाचून लोक एकदा आले असते. बिअर बिघडली असती तर परत आले असते काय?” यावर मी जाऊन दादावर ओरडले.

बेंगळुरूत बिअरची फॅशन दर मोसमाला बदलते. एका वर्षी सगळ्यांना कडू हवी, दुसऱ्या वर्षी आंबट, मग आंब्याची, जांभळाची, कॉफीची. मध्ये एकदा ढगाळ बिअरचं वेड आलं. मी अक्कांना म्हटलं, आपणही करू. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “नळाला गढूळ पाणी आलं की तुम्ही लोक फोटो काढून तक्रारी टाकता. आणि इथे येऊन तेच मागता?” पण हट्टी म्हणाव्यात तर तसंही नाही. नाचणीची बिअर त्यांनी आपणहून केली, अगदी मनासारखी होईपर्यंत तीन घाणे गटारात ओतून. ओतताना माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. चौथा घाणा मात्र असा उतरला की गावाकडून आलेले एक आजोबा पेला संपवून म्हणाले, ही आमच्या शेतातली आहे.

तरी आमचं खरं नाव होतं ते गव्हाच्या बिअरवर. तिला लवंगेचा अगदी पुसट वास यायचा आणि लवंग तर आम्ही कधी घातलीच नाही. तो सगळा यीस्टचा प्रताप. यीस्ट म्हणजे बिअर आंबवणारं विरजण. एक घाणा झाला की ते टाकीच्या तळाशी बसतं, ते काढून जपायचं आणि पुढच्या घाण्याला घालायचं. बाकीचे पब काही खेपांनंतर बाहेरून नवं मागवतात. अक्कांनी पहिल्या वर्षापासून एकच वाढवत आणलं होतं. त्यासाठी त्यांनी भाच्याच्या लग्नाला बेळगावला एक रात्र राहायचंही टाळलं. अक्षता टाकून बाई संध्याकाळच्या गाडीत. ते विरजण म्हणजे आमचा पब होता. बाकी टेबलं-खुर्च्या काय, कुठेही मिळतात.

मग आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, पाच मजली पब उभा राहिला. काचेच्या भिंती, गाणी वाजवायला खास माणूस, बिअरचे इतके नळ की वाचता वाचता तहान मरावी. उद्घाटनाच्या आधीच आमची शनिवारची गर्दी खिडकीशी उभी राहून तिकडेच बघायची. मला रात्र रात्र झोप लागत नव्हती. पब जाणार की राहणार, एवढा एकच विचार.

आणि अशात एका संध्याकाळी त्यांचा ब्रूअर आमच्या दारात. केरळचा, दाढीवाला, अक्कांच्याच वयाचा. हातात स्टीलचा मोठा कॅन. त्यांचं मागवलेलं यीस्ट प्रवासात उन्हाने मेलं होतं आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. त्याने कन्नडमध्ये अक्कांना विचारलं, थोडं द्याल का?

मी मध्येच पडले. “नाही! अजिबात नाही!”

अक्का म्हणाल्या, “विरजण मागायला आला आहे हो. कोणी नाही म्हणतं काय?”

“अहो अक्का, शेजारीण विरजण न्यायला येते ती दही लावायला! समोर हॉटेल काढायला नाही!”

त्या ऐकेनात, तेव्हा मला आईची आठवण झाली. मी म्हटलं, “बरं, मग एवढं तरी पाळा. दिवेलागणीला विरजण बाहेर देत नाहीत. तुमच्याकडेही देत नसतील.”

अक्का थबकल्या. विचार करून म्हणाल्या, “खरं आहे तुमचं.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्या त्याच्याकडे वळल्या. “सकाळी या.”

झालं! माझाच डाव माझ्यावर उलटला. दुसऱ्या दिवशी पहारा द्यायला मी भल्या सकाळी पोचले, तर तो गृहस्थ बूट बाहेर काढून मोज्यांवर दारात बसलेला. अक्कांनी टाकीच्या तळाची चावी फिरवली. विरजणाचे तीन थर असतात. खालचा गाळ, वरचा पाणचट, आणि मधला सायीसारखा, सगळ्यांत जोमदार. मी मराठीत फुसफुसले, “निदान वरचं तरी द्या!”

अक्का एकदाच माझ्यावर चिडल्या, त्या तेव्हा. “आपल्या घरातून बाहेर जाणार आहे ते. वाईट निघालं तर नाव कोणाचं जाईल?” आणि मधलं, सायीसारखं, कॅन भरून दिलं. वर त्याला बजावलं की थंडीत ठेव, स्वल्प धीर धर, घाई करू नको.

त्यांचं उद्घाटन दणक्यात झालं. आमच्या गच्चीवरून त्यांची रांग दिसायची. दादाने आणखी वर्षभर ताणलं, काय काय युक्त्या केल्या, पण गर्दी परतली नाही. शेवटी आम्ही पब बंद केला. त्या पाच मजल्यांपुढे आम्ही विरजण न देताही टिकलो नसतो, असं दादा म्हणतो. म्हणू दे. मी आजही म्हणते की द्यायला नको होतं.

समोरच्यांनी अक्कांना नोकरीला बोलावलं. “त्यांच्याकडे ब्रूअर आहे की. त्याची खुर्ची कशाला ओढू?” म्हणून त्या गेल्या नाहीत. म्हैसूरला एक नवा छोटा पब निघत होता, तिकडे निघाल्या. निघण्याच्या आदल्या दुपारी त्यांचा फोन आला. “नागपूरबाई, चला, समोर जाऊन येऊ.” त्या पायरीवर पाय ठेवणार नाही, असं मी दहा जणांना ऐकवून झालं होतं. पण अक्का जाणार होत्या, त्यांना नाही कसं म्हणू? गेले.

गव्हाची बिअर मागवली. अक्कांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि कपाळाला आठी घातली. “चांगली आहे. पण स्वल्प घाई केली आहे त्याने. अजून दोन दिवस निजू द्यायला हवी होती.” एवढं बोलून त्या उठल्या आणि तडक त्यांच्या टाक्यांकडे निघाल्या. कोणी अडवलं नाही. उलट तो केरळचा माणूस पळत आला आणि त्याने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

मी एकटीच टेबलाशी राहिले. रागारागात पेला तोंडाला लावला आणि तो लवंगेचा वास आला. तोच, अगदी पुसट. आमची गच्ची, आमचे शनिवार, सगळं त्या घोटात होतं. शेजारच्या टेबलावर चार-पाच पोरं बसली होती. त्यातली एक मुलगी मित्राला सांगत होती की साऱ्या बेंगळुरूत अशी गव्हाची बिअर दुसरीकडे मिळत नाही, म्हणून ती स्वतः लांबच्या व्हाइटफील्डहून इथवर हिच्यासाठी येते.

मला राहवलं नाही. मी खुर्ची वळवली आणि हिंदीत, माझ्या त्या वरच्या पट्टीत, डोळे पुसत म्हटलं, “ही आमची आहे! आमच्या अक्कांची! त्या बघा, तिथे आत उभ्या आहेत!”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने हळूच माझा पेला थोडा लांब सरकवला आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. मी अजून एकच घोट घेतला होता.