चौघांचं कार्ड

माझ्या थोरल्या साडूंना फसवू शकेल असा माणूस भाईंदरात अजून जन्माला आलेला नाही, आणि यायची हिंमतही करणार नाही. गोडदेवला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. निवृत्तीनंतर बँकेनं त्यांच्या हातात डेबिट कार्ड ठेवलं, तेव्हा घरात विंचू निघावा तसे ते त्याच्याकडे बघत होते. त्याला दरवर्षी फी पडते हे कळल्यावर मॅनेजरला म्हणाले, "कार्ड माझ्या खिशात राहतंय, भाडं तुम्हीच द्यायला पाहिजे." दुसऱ्या बँकेच्या मशीनला जास्तीचे पैसे कापतात म्हणून घराखालचं मशीन सोडून भर उन्हात नवघरपर्यंत चालत जायचे आणि वाचलेल्या पैशांचा उसाचा रस पिऊन यायचे.

पण खरी कमाल त्यांनी पिनची केली. कुणी बोलण्यात गुंगवलं तर आपल्या तोंडून आकडे जातील, ही त्यांना धास्ती. म्हणून स्वतःकडे त्यांनी एकही आकडा ठेवला नाही. पहिला त्यांच्या बायकोनं, म्हणजे ताईंनी ठरवला, दुसरा मुलीनं, तिसरा मुलानं, चौथा मी. एकेकानं पुढे होऊन आपापलं बटण दाबायचं, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. पैसे काढायचे म्हणजे आमची वरातच निघायची. वॉचमन विचारायचा, "अंकल, इतने लोग?" साडू शांतपणे म्हणायचे, "जॉइंट फॅमिली है."

एकदा ताईंना फोन आला, कार्ड बंद होणार आहे, पिन सांगा. ताई सरळ स्वभावाच्या. म्हणाल्या, "मेरे पास एकच नंबर है, भैया. दुसरा मेरी लडकी के पास है, वो मीरा रोड में रहती है." समोरच्यानं फोन ठेवला. साडूंनी बिल्डिंगभर पेढे वाटले.

मग एका रविवारी सकाळी ताई चक्कर येऊन पडल्या. हॉस्पिटलनं डिपॉझिट मागितलं, बँक बंद. आम्ही सवयीनं मशीनपाशी गेलो, कार्ड आत सरकवलं, आणि कुणीच पुढे होईना. पहिला आकडा ताईंचा होता आणि ताई बेशुद्ध होत्या.

"अंदाजानं दाबू का?" मुलानं विचारलं.

"तुझ्या आईचा अंदाज मला कधी आलाय," साडू म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी फार मायाही वाटली. शेवटी मी घरून पैसे आणून भरले.

संध्याकाळी ताईंनी डोळे उघडले. मुलीनं त्यांना मशीनपाशी काय झालं ते सांगितलं. तोंडावर मास्क, बोलता येईना, म्हणून त्यांनी बोटं वर केली. किती, ते आम्हाला दिसलंच नाही. साडूंनी झटकन आपल्या दोन्ही हातांत ती झाकून घेतली.

"लपव, कुणीतरी बघेल," ते म्हणाले. भेटायची वेळ संपल्याचं नर्स दोनदा सांगून गेली, तरी त्यांनी हात सोडला नाही.