वेळ धरतात ती तिसरीची

दात दवाखान्यात बसवतात, पण ते बनतात कुठे हे सहसा कुणी विचारत नाही. ते बनतात एखाद्या जिन्याखालच्या खोलीत, जिथे प्लास्टरची पांढरी धूळ खिडकीच्या गजांवरसुद्धा बसलेली असते. अशाच एका खोलीत ती दिवसभर मान खाली घालून गुलाबी मेणात दात रोवत असते. कुणा अनोळखी म्हाताऱ्याचा अख्खा वरचा जबडा, कुणा बाईचे पुढचे चार. शहरातल्या कितीतरी लोकांचं हसू तिच्या हातचं आहे आणि त्यातलं एकही तोंड तिला रस्त्यात ओळख दाखवत नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणतो, दात कोरून पोट भरत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी येऊन बघावं.

सायकल तिच्या आयुष्यात आली ती याच मानेपायी. मान इतकी आखडली की डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पाण्याला ती लहानपणापासून भिते. मग नवऱ्याची जुनी सायकल काढून ती सकाळी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर जाऊ लागली. एकदा दोन बायका तिला सपकन मागे टाकून गेल्या आणि जाता जाता त्यातली एक म्हणाली, "काकू, आमच्या चाकाला चिकटा. वारा आम्ही खातो." तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की पुढची सायकल वारा अंगावर घेते आणि मागचीला जवळजवळ फुकट ओढून नेते. पुढची दमली की बाजूला होऊन शेपटाला येते, दुसरी पुढे होते. संसारासारखंच की, तिने घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, मग तू इतकी वर्षं माझ्या मागेच होतीस म्हण की. त्यावर तिने काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाही.

त्या दोघींपैकी एक पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला. तिला सगळ्या कॅप्टन म्हणत. दुसरी गाडी चालवायला शिकवते, म्हणून ती मास्तरीण. रोज नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसावं लागतं, तेव्हा सायकलवर मला कसलीच भीती वाटत नाही, असं ती सांगायची. तिघी झाल्या. संघाच्या शर्यतीला चौथी हवी होती. या शर्यतीत एकेक संघ थोड्या थोड्या अंतराने सोडतात, चौघी मिळून पळतात आणि संघाची वेळ धरतात ती तिसरीची. म्हणजे एक मागे राहिली तरी चालतं. आणखी एक राहिली की सगळं गेलं.

चौथी घरातच होती. थोरल्या बहिणीची मुलगी, शिकायला मावशीकडे राहायला आलेली. ताईने तिला सोडताना म्हटलं होतं, आता तुझ्या पदरात टाकली, बघ. ताई म्हणजे काळजीचं दुसरं नाव. मुलगी शिंकली तर इकडे फोन यायचा. मावशीला स्वतःचं मूल नाही. ती भाचीला तळहाताच्या फोडासारखी जपायची, पण आपण ताईसारखं कटकट करत नाही, याचा तिला मनातून अभिमान होता. भाचीही मैत्रिणींना सांगायची, माझी मावशी कूल आहे. असल्या एका शब्दासाठी माणूस काय काय गिळतं.

भाची आली तेव्हा गोल गुबगुबीत होती. मास्तरणीने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, गोलू. चढ लागला की गोलू मागे पडायची आणि तिघी वर थांबून पाणी पीत तिची वाट बघायच्या. मग ती बारीक व्हायला लागली. आधी गाल गेले, मग दंड. चढावर ती तिघींच्या बरोबर आली, नंतर पुढे गेली. गोलूची काडी झाली, आणि काडी हे कौतुकाचं नाव होतं. "हिच्यामागे राहायचं म्हणजे जीभ बाहेर काढावी लागते," कॅप्टन म्हणाली, तेव्हा मावशीला मूठभर मांस चढलं.

मेणात दाताचा कोन केसभर चुकला तरी ज्या डोळ्यांना दिसतो, त्यांना घरातलं दिसत नव्हतं असं नाही. सरावाला दिलेली केळी भाचीच्या जर्सीच्या खिशातून काळी होऊन परत यायची. खजूर कोपऱ्यावरची कुत्री खायची. ताटातला भात इकडून तिकडे सरकायचा आणि कमी झाल्यासारखा दिसायचा. भर उन्हाळ्यात मुलगी स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. केस विंचरून झाल्यावर फणी ती स्वतःच साफ करायची, कुणी बघायच्या आत. एकदा मावशीने विषय काढला. भाची शांतपणे म्हणाली, मावशी, आता तूही आईसारखं सुरू करू नकोस. मावशीने मनाची समजूत घातली की शर्यत होऊ दे, मग निवांत बोलू. शिवाय शर्यतीला काडी हवी होती, गोलू नको होती. हे ती स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हणाली नाही.

शर्यतीच्या दिवशी रस्ता ओळखीचाच होता. गोदामांच्या रांगा, खडी फोडायची यंत्रं, पेट्रोल पंप, पुढे लांबलचक सरळ पट्टा आणि शेवटी पिंप ठेवून केलेलं वळण. तिथून परत. जाताना वारा पाठीशी होता. चौघी एका दोरीत ओवल्यासारख्या चालल्या होत्या. कॅप्टन पुढून बाजूला व्हायची, मास्तरीण जागा घ्यायची, कुठे धक्का नाही की अंतर नाही. मावशी भाचीच्या मागे होती. जर्सीतून पाठीचा एकेक मणका दिसत होता. आपण काहीतरी मोजतोय असं तिला वाटलं आणि तिने नजर चाकावर आणली.

वळण घेतलं आणि वारा तोंडावर आला. भाचीचं चाक आधी हातभर मागे राहिलं, मग सायकलभर. मावशीने बाजूने पुढे होऊन तिला आपल्या मागे घेतलं. थोडा वेळ ती टिकली, पुन्हा सुटली. दुसऱ्यांदा मावशीने वेग कमी केला तेव्हा पुढे कॅप्टनने मान वळवली.

"सोड तिला," ती म्हणाली. "मागे गाडी आहे, उचलेल ती. आता तूही राहिलीस तर आपली वेळच धरणार नाहीत."

मावशीने मागे पाहिलं. भाचीचे ओठ पांढरे पडले होते. एक हात हँडलवरून उचलून तिने फक्त पुढे जा, असं केलं. मावशी गेली. तिला वाईट वाटलं, पण खोटं कशाला, पाय हलके झाल्यासारखेही वाटले. त्या उरलेल्या रस्त्यावर ती आयुष्यात चालवली नव्हती तशी सायकल चालवत होती. तिसरी तीच होती, वेळ तिच्याच चाकावर धरली गेली. त्यांचा दुसरा नंबर आला. मास्तरीण सायकलसकट तिच्या गळ्यात पडली, कुणीतरी फोटो काढले.

मग मागे राहिलेल्यांना उचलत येणारी गाडी आली. टपावर एक सायकल, आत पाय मुरगळलेली एक परकी मुलगी. भाची नव्हती. चालक म्हणाला, सगळा रस्ता बघत आलो बाई, कुणी नव्हतं. भाचीचा फोन शर्यत बघायला आलेल्या नवऱ्याच्या गाडीत, तिच्याच पिशवीत होता. दोघं तशीच निघाली. तो डावीकडे बघत गाडी हळू चालवत होता, ती उजवीकडे बघत होती आणि रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीपाशी थांब म्हणत होती. तिसऱ्यांदा थांबताना तो म्हणाला, मोरीत काय शोधतेस? ती तोवर दार उघडून उतरली होती.

टायरचं एक बंद दुकान होतं. त्याच्या मागच्या भिंतीला टेकून भाची बसली होती. सायकल आडवी करून ठेवली होती, रस्त्यावरून दिसू नये अशी.

"ती उचलायची गाडी गेली ना?" तिने विचारलं. "ती गेली की मी निघणारच होते."

उन्हात बसूनही तिचे हात गार होते. नवऱ्याने फळांच्या रसाची बाटली उघडून तिच्या हातात दिली. ती नुसती धरून बसली.

"पी," मावशी म्हणाली.

"नको गं. आज अर्धंच अंतर गेले मी. त्याच्या मानाने सकाळचं अर्धं केळं पुष्कळ झालं."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मावशीला आधी कळलंच नाही. मग ती तिथेच मातीत, तिच्या शेजारी बसली. विचारलं, कधीपासून हा हिशोब? भाचीने तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"तुला माहीत होतं ना? तू विचारत नव्हतीस, म्हणून तर मला तुझ्याकडे बरं वाटायचं."

बायकांच्या बोलण्यात कधी न पडणारा नवरा खाली उकिडवा बसला. त्याने बाटली घेतली, दोन घोट स्वतः प्यायला आणि परत पुढे धरली. आता तुझी पाळी, म्हणाला. ती थोडं प्यायली. पिताना रडत होती, पण रसासाठी रडतेय की कशासाठी, ते कळायला मार्ग नव्हता.

गाडीत बसल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. "आईला सांगू नकोस. मी खाईन, खरंच. पण सांगितलंस तर मी तुझ्याकडे राहणार नाही. बोलणारसुद्धा नाही."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. ती खरंच राहणार नाही, हे मावशीला माहीत होतं; या मुलीने धरलेला हट्ट सोडलेला तिने पाहिला नव्हता. पुढे खडी फोडायची यंत्रं दिसू लागली तेव्हा तिने नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ती उतरली, काच खाली ठेवली आणि तिथेच, भाचीला ऐकू येईल असा फोन लावला. आडवळणाने सांगावं असं ठरवलं होतं, पण ताईचा आवाज ऐकल्यावर काही जमलं नाही.

"ताई, पोरगी खात नाही. आज रस्त्यात बसली. मला कितीतरी महिने दिसत होतं आणि मी मूग गिळून गप्प बसले. तू ये."

एवढीशी गोष्ट झाली की दहा प्रश्न विचारणाऱ्या ताईने एकच विचारलं, "शुद्धीवर आहे ना?" आणि मग, "निघते मी." एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर मावशीला सोपं गेलं असतं.

भाची आईबरोबर गेली ती पुन्हा आली नाही. डॉक्टर म्हणतात, हे लवकर बरं होणारं दुखणं नाही, वर्षं लागतील, आणि मध्ये मध्ये ती मागेही जाईल. कॅप्टन आणि मास्तरीण एकदा जिन्याखालच्या खोलीत येऊन बसल्या. काडी हे नाव आपणच ठेवलं, असं मास्तरीण म्हणाली आणि टेबलावरची प्लास्टरची धूळ बोटाने सारखी करत राहिली. चौथीचा विषय तेव्हा कुणी काढला नाही. कॅप्टनने तो पुढे कधीतरी काढला, तेव्हा मावशी म्हणाली, माझीही जागा धरू नका.

मावशी ताईला रोज फोन करते. काय खाल्लं, किती, कशाबरोबर, सगळं विचारते; आता तिच्याइतकी कटकट ताईसुद्धा करत नाही. भाची फोनवर येत नाही. परवा मावशीने धीर करून विचारलं, माझ्यावर राग आहे का गं तिचा अजून?

"आहे की," ताई म्हणाली. "असू दे. रागवायलाही अंगात ताकद लागते."

मग तिने घाईने फोन ठेवला. जेवायची वेळ झाली होती. त्या वेळी तिला मुलीच्या समोर बसावं लागतं, ताटातलं संपेपर्यंत. कधी तास जातो, कधी त्याहून जास्त, आणि कधी ताट तसंच उचलावं लागतं.