डमीच्या छातीतली घरघर

आधीच स्पष्ट सांगते, मी आयसीयूत आयुष्य घालवलेली बाई आहे. ज्या बेडवर माणूस गेला, त्याच बेडची चादर बदलून लगेच दुसरा पेशंट घेतलाय. भुतंखेतं असती तर सगळ्यात आधी आम्हा नर्सेसना भेटली असती, आणि आम्ही त्यांनाही बाहेर बसायला सांगितलं असतं. तेव्हा हे हौसेनं लिहीत नाहीये. वैतागून लिहितेय.

मी अंबरनाथ पश्चिमेला राहते. नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स केलाय, म्हणजे कागदावर मी पेशंट तपासून डॉक्टरांच्या बरोबरीनं उपचार ठरवू शकते. प्रत्यक्षात सलाइन लावते आणि नातेवाइकांची बोलणी खाते. म्हणून नोकरीतल्या नर्स प्रॅक्टिशनर्ससाठी हृदयरोगाचं खास ट्रेनिंग निघालं, तेव्हा मी घरच्यांशी भांडून नाव घातलं. पास झाले की नव्या कार्डिॲक युनिटमध्ये पोस्ट, आणि तिथे खरोखर पेशंट तपासायला मिळणार होते. मला तेवढंच हवं होतं.

क्लास उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या एका हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये. शुक्रवारी असायचा, कारण त्या दिवशी शेजारचा जीन्सचा कारखाना बंद. हृदयाचे आवाज ऐकायचे तर शांतता हवी ना... बाकी आनंदच होता. एसी मेलेला, सर उशिरा येणार आणि वर आम्हालाच घाई करणार.

शिकायला एक रबरी डमी होता, कमरेपर्यंतचा. सर टॅबवर आवाज निवडायचे, आम्ही स्टेथो लावून तो ओळखायचा. पण सवय जाते कुठे? पहिल्याच दिवशी मी स्टेथो तळहातावर चोळून गरम केला आणि म्हटलं, "काका, शर्ट जरा वर घ्या." अख्खा हॉल हसला.

"सिस्टर, त्याला थंडी वाजत नाही," सर म्हणाले. "सांगा, काय ऐकू येतंय?"

डाव्या बाजूला, खाली, मला घरघर ऐकू आली. दोन ठोक्यांच्या मधे, अगदी खोल... शेजारच्या घरात पिठाची घरघंटी चालू असावी तशी. ठोके भरभर पडत होते. आणि मधूनच एक ठोका चुकायचा, मग पुढचा दाणकन यायचा.

"मायट्रल झडप अरुंद आहे," मी म्हटलं. "आणि ठोके चुकतायत."

"नॉर्मल लावलंय मी," सर म्हणाले. त्यांनी माझाच स्टेथो कानाला लावला. "नॉर्मलच आहे. आणि ठोके चुकणारा आवाज या मशीनमध्ये नाहीच."

मग भारतीनं ऐकलं. ही आमच्यातली सिंधी पोरगी, जिभेला हाड नाही. "दीदी, एकदम नॉर्मल है यार! तू घरसे कुछ खाके आया कर."

मी पुन्हा ऐकलं. घरघर होतीच.

हे पुढच्या शुक्रवारी झालं, त्याच्या पुढच्याही. बाकीचे आवाज मी अचूक ओळखायचे, पण सरांनी नॉर्मल लावलं की मला तीच घरघर आणि तोच चुकणारा ठोका. मी दुसरा स्टेथो आणला. कान तपासून घेतले, ठणठणीत. डमी बिघडलाय का विचारलं, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईला! घरी येऊन भांडी आपटली मी.

एकमेकींवरही सराव चालायचा. सगळ्या आळीपाळीनं टेबलावर आडव्या व्हायच्या. फक्त सुगंधाला कोणी झोपवत नसे. ती बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या पाड्यावरची. सहावा महिना होता तिला. आम्ही तिला मागे पंख्याखाली खुर्ची दिली होती. तिला दम लागायचा, पण गरोदरपणात लागतोच म्हणून सोडून दिलं. हॉलभर नर्सेस, प्रत्येकीच्या गळ्यात स्टेथो... आणि एकीनंही तो तिच्या छातीला लावला नाही. आमच्या लाइनीत असंच असतं. नर्स आजारी असू शकते हे नर्सलाच सुचत नाही.

परीक्षाही शुक्रवारीच. बाहेरून आलेल्या मॅडम समोर बसल्या होत्या. शेवटचा आवाज लागला आणि पुन्हा ती घरघर. सरांची खोड मला पाठ होती, शेवटी ते नॉर्मलच लावायचे. "नॉर्मल" म्हटलं की सुटले असते. पोस्ट हातात होती. पण कानात घरघर वाजत असताना तोंडानं नॉर्मल कसं म्हणू? उद्या खऱ्या पेशंटला असंच म्हणायचं का?

मी जे ऐकलं तेच सांगितलं. मॅडमनी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे. नापास. "यांना नॉर्मल ओळखता येत नाही," असा शेरा.

मी जिन्यातच बसले आणि रडले, रागानं. सुगंधा माझ्यामागून उतरत होती. दोन पायऱ्या उतरली की थांबत होती, कठड्याला धरून.

"ताई, रडतेस काय? चल, माझा ऐक. नॉर्मल कसा असतो ता तरी कळंल तुला."

चेष्टाच करत होती ती. मीही चिडूनच उठले, म्हटलं ये. चेंजिंग रूममध्ये बाकड्यावर तिला डाव्या कुशीवर झोपवलं, स्टेथो चोळला आणि लावला.

घरघर.

ठोके भरभर. एक चुकला. पुढचा दाणकन.

कितीतरी शुक्रवार मी हेच ऐकत होते. हेच, अगदी हेच.

"काय गं? नॉर्मल हाय ना?" ती हसत होती.

"लहानपणी सांधे सुजायचे का तुझे?"

"हां. ताप यायचा नि गुडघं सुजायचं. आई निर्गुडीचा पाला बांधायची. तुला कसा ठाव?"

लहानपणीचा असा सांध्यांचा ताप पुढे हृदयाची झडप खराब करतो. मी धावत वर गेले आणि सरांना जवळजवळ ओढूनच आणलं. त्यांनी ऐकलं, स्टेथो सरकवून पुन्हा ऐकलं. त्याच दुपारी खाली तिच्या हृदयाचा इको झाला. झडप चांगलीच अरुंद निघाली. तोवरच्या तपासण्यांत वजन, बीपी, सोनोग्राफी सगळं झालं होतं, छाती मात्र कोणी ऐकली नव्हती. हे कोणालाच माहीत नसताना कळा सुरू झाल्या असत्या, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नळीतून फुगा सरकवून तिची झडप उघडली. दिवस भरल्यावर मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

माझा निकाल? तसाच. मी सरांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "सिस्टर, सुगंधाचं निदान उत्तमच केलंत. पण डमीत नॉर्मलच होतं." खरंच होतं. कंपनीचा माणूस येऊन मशीन तपासून गेला, काही दोष नाही. मी आधी नकळत सुगंधाचं ऐकलं असेन म्हणावं, तर डमी पुढे आणि ती मागे भिंतीला टेकून. एवढ्या लांबून ऐकू यायला मी काय वटवाघूळ आहे?

फेरपरीक्षेला पुन्हा गेले. सुगंधा तोवर मुलीला घेऊन तिच्या घरी गेली होती. स्टेथो चोळला, लावला. लब-डप, लब-डप. साधं, स्वच्छ. मी दाबून ऐकलं, हलकं धरून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. घरघर कुठेच नव्हती.

का, ते मला आजही कळलेलं नाही. कोणाला कळत असेल तर सांगा, पण कृपा करून "कानात मळ" सांगू नका.

मी "नॉर्मल" म्हटलं आणि पास झाले. सरांनी उठून हात मिळवला. म्हणाले, "अभिनंदन, सिस्टर. आता तुम्हाला नीट ऐकू यायला लागलंय."