खिडकीतली मुलाखत

आर्वीहून वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती नेहमी खिडकीशी बसायची. बाहेर धुक्यात फुटलेली कपाशी तरंगत असायची आणि काचेतल्या स्वतःकडे बघत ती पुटपुटायची. मधेच हसायची, ओढणी सारखी करायची. मला वाटायचं, पोरगी प्रेमात पडलीय.

एकदा शेजारी जागा मिळाली. तिनं माझा हातच धरला. "काकू, आज इंटरव्ह्यू आहे. तुमी साहेब व्हा नं. मले इचारा, स्वतःबद्दल सांगा म्हणून."

मी आवाज जड करून विचारलं. पाठ केलेली दोन वाक्यं बोलून ती अडखळली.

"घरी कोणी हे इचारतच नाई नं," ती म्हणाली, "म्हणून काचेले सांगून राह्यली."

मग माझ्यासारखाच जड आवाज काढून म्हणाली, "आता तुमी सांगा."

मी हसत सुरू केलं. यांचं ऑफिस, मुलाचं कॉलेज, सासूबाईंचे गुडघे.

"हे तं त्यायचं झालं, काकू."

तेवढ्यात वर्ध्याचं स्टँड आलं. ती उतरली आणि धुक्यात विरघळली.

परत दिसली नाही. नोकरी लागली असेल. खिडकीशी आता मी बसते, आणि माझेही ओठ हलतात.